ज्याची काडी त्याचा चतुर

चार माणसं दर रविवारी तळ्याकाठी तोंड बंद करून बसतात, तिथे कसले आलेत किस्से, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण गप्प बसलेल्या माणसांच्या बाबतीतच जास्त घडतं! बोलायचं नाही, हलायचं नाही, शिंकायचं नाही, आणि नेमकी तेव्हाच कुठूनतरी म्हैस येते. रिळातले फोटो छत्तीसला संपतात. किस्से संपत नाहीत.

आम्ही चतुरांचे फोटो काढायचो. चतुर म्हणजे पाण्यावर हेलिकॉप्टरसारखा तरंगणारा, चार पंखांचा किडा. हैदराबादेत त्याला कुणी तूनीगा म्हणतं, कुणी भंबीरी. मी तेव्हा परदेशात प्राणिशास्त्र शिकून विद्यानगरला आईबाबांकडे परत आले होते. देशाची दारं नुकतीच उघडली होती. सगळे त्या दारातून बाहेर निघाले होते आणि मी एकटी आत येत होते! या देशातलं काही वाचवायचं असेल तर ते आत्ताच, आणि बहुधा मलाच वाचवावं लागणार, अशी माझी खात्री होती. हसू नका. त्या वयात तसं वाटायलाच हवं.

* * *

परत येताना मी एकच मोठी वस्तू आणली. तीनशे मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स. दोन वर्षं लायब्ररीत पुस्तकं लावण्याचं काम करून घेतलेली.

कस्टमच्या साहेबांनी ती डब्यातून काढली, पुढचं झाकण उघडलं आणि अंगठा काचेच्या दिशेने न्यायला सुरुवात केली. 

"हे काय ताई? दुर्बीण?"

"लेन्स आहे. काचेला हात नका लावू, प्लीज!"

"काय बघणार एवढ्यातून? वाघ?"

"नाही."

"क्रिकेट?"

"नाही. चतुर. दोन बोटांएवढा असतो. जवळ गेलं की उडतो, म्हणून लांबूनच जवळचा फोटो काढायचा. त्याची पिल्लं पाण्यात वाढतात. तो आहे म्हणजे पाणी जिवंत आहे. आपल्याकडच्या तळ्यांचं काय होतंय, तुम्हाला कल्पना आहे?"

मग मी सुरूच झाले. पाच मिनिटं बोलले असेन. मागची रांग चुळबुळायला लागली. साहेबांचा अंगठा काचेपासून तांदळाएवढ्या अंतरावर थांबला होता. शेवटी त्यांनी त्यांच्या वरच्या साहेबांना बोलावलं. वरच्या साहेबांनी माझं पुन्हा सगळं ऐकलं, मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि लेन्सचं झाकण लावून टाकलं.

"लोक तिकडून टीव्ही आणतात," ते खालच्या साहेबांना म्हणाले. "हिला जाऊ दे. हिचं आधीच नुकसान झालंय!"

* * *

हिमायतनगरला सलीमभाईंचा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लग्नाचे फोटो, आणि मागे एक डार्करूम. फिल्म घ्यायला गेले आणि तिथेच आमचा कंपू जमला.

सलीमभाई पन्नाशीचे. सबंध आयुष्य लोकांना "हलू नका" सांगण्यात गेलेलं. दुसरे वाघमारेकाका, मूळचे नांदेडकडचे, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी, घर अंबरपेठेत. तिसरा निखिल, पुण्याहून सॉफ्टवेअर कंपनीत आलेला, माझ्याच वयाचा. कमरेला पेजर. पेजर तेव्हा नवा होता आणि निखिल शर्ट आत खोचायचा, फक्त तो दिसावा म्हणून.

शहराबाहेर पश्चिमेला एक कुंटा होता. कुंटा म्हणजे तिकडचं लहान तळं. लेन्स एकच, माझी. माणसं चार. चतुराची एक सवय असते. तो उडतो आणि फिरून त्याच काडीवर येऊन बसतो. म्हणून वाघमारेकाका गुडघाभर चिखलात उतरून बांबूची काडी रोवायचे आणि काठावर वाट बघत बसायचे. त्यांचं पाहून आम्ही सगळेच रोवायला लागलो.

पहिल्याच महिन्यात भांडण झालं. निखिल दीड तास त्याच्या काडीसमोर बसला होता. लेन्स त्याच्याकडे होती. एक लालभडक चतुर आला, काडीवर टेकला. निखिल श्वास रोखून फोकस फिरवतोय, फिरवतोय, आणि चतुर उडाला. तो बसला काकांच्या काडीवर. निखिलने लेन्स तिकडे वळवली. लेन्सपुढे काकांचा पंजा आला.

"काडी माझी हाय."

"काका, पण चतुर तोच आहे!"

"चतुर कुणाचाच नसतो. चिखलात कोण गेलतं? मी. ज्याची काडी, त्याचा चतुर."

निखिलने दात आवळून लेन्स दिली. काकांनी चष्मा पुसला, बसले, फोकस लावला. चतुर उडाला आणि परत निखिलच्या काडीवर! काका उठले. लेन्स त्याला दिली. असं सहा वेळा झालं. दोघांच्या कपाळाच्या शिरा ताठल्या होत्या. शेवटी ढग आले आणि चतुरच निघून गेला.

त्या दिवशी रीळ कोरं राहिलं. कायदा मात्र पास झाला!

* * *

कायदा होता म्हणून निखिलची एक सकाळ सोन्याची झाली. त्याच्या काडीवर चतुरांची जोडी बसली. नराने शेपटीने मादीची मान धरून, बदामाचा आकार करून. असा प्रसंग आम्हाला वर्षात दिसला नव्हता. आम्ही तिघं मागे दगडासारखे.

खट्. खट्. निखिल काढत सुटला. जोडी हलायला तयार नाही. पेजर वाजला तरी हलली नाही! काका माझ्या कानात म्हणाले, "विहारात पौर्णिमेला बसतो मी, तिथं बी एवढी शांतता नसती."

"किती झाले?" मी कुजबुजले.

"अडतीस," निखिल म्हणाला. "एकोणचाळीस. सलीमभाई, चांगलं रीळ दिलंत! छत्तिसाच्या रिळात किती बसतायत बघा. चाळीस!"

सलीमभाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला.  बेचाळीसला जोडी उडाली, निखिलने विजयी मुद्रेने मागे पाहिलं, तेव्हा ते त्याच्याजवळ गेले. त्यांनी कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूचं रीळ गुंडाळायचं बटण एका बोटाने फिरवलं. ते गरागरा फिरलं. रीळ आतल्या चाकाच्या दातांत अडकलंच नव्हतं. पहिल्या फोटोपासून ते जागचं हललं नव्हतं.

"बेटा," सलीमभाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बयालीस के बयालीस तुम्हारे दिल में हैं. धोने को मेरेकू नक्को देना!"

* * *

कुंट्याच्या पलीकडे लांब एक भिंत होती. वर तारा. ती कसली आहे हे आमच्यातल्या कुणी कधी पाहिलं नव्हतं. आम्हाला मागचं काही दिसूच द्यायचं नसायचं. टेलिफोटोची गंमतच ती. चतुर तेवढा करकरीत आणि मागे नुसता हिरवा रंग, साय पसरावी तसा. मागे एक गवताचं पातं जरी ओळखू आलं तरी सलीमभाई फोटो बाजूला टाकायचे.

एका रविवारी जीप आली. इन्स्पेक्टर उतरले. त्यांनी लेन्स पाहिली, भिंतीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

"किसके वास्ते फोटो निकालते? वो दीवार फौज की है, मालूम?"

आम्हाला ठाण्यावर नेलं. रीळ त्यांच्या माणसाने लॅबमध्ये धुवायला नेलं. आम्ही बाकावर. पंखा बंद. निखिलला अमेरिकेच्या व्हिसाची काळजी, काकांना सरकारी नोकरीची. सलीमभाई हळूच म्हणाले, "मृदुला बेटी, यहाँ भाषण नक्को." मी दिलंच. तळी, पाणी, आपली जबाबदारी. हवालदाराने उठून दार लावून घेतलं. पलीकडच्या खोलीतल्या लोकांना त्रास होत होता म्हणे!

दोन तासांनी फोटो आले. इन्स्पेक्टरनी छत्तीसच्या छत्तीस टेबलावर मांडले. एकेक उचलून उजेडात धरला. खोलीत फक्त कागदाचा आवाज.

"ये पीछे क्या है?"

"हरा है, साब," सलीमभाई म्हणाले.

"हरा क्या? दीवार कहाँ है?"

आता मात्र सलीमभाईंचा कारागिरीचा अभिमान दुखावला. भीती विसरून ते उठून उभे राहिले.

"साब, पीछे कुछ दिखा तो फोटो किस काम का! हमारा कमालच ये है कि पीछे कुछ दिखताच नहीं!"

इन्स्पेक्टरनी शेवटचा फोटो खाली ठेवला आणि टोपी काढली.

"छत्तीस फोटो में जगह का पता नहीं चलता! तुम लोगाँ को तो दुश्मन भी नौकरी पे नहीं रखता! जाओ."

* * *

मग एका रविवारी आम्ही गेलो तर कुंट्यात काड्याच काड्या! काठाला, उथळ पाण्यात, ओळीने. पांढऱ्या रंगवलेल्या लाकडी खुंट्या, प्रत्येकीवर लाल आकडा. आणि जवळजवळ प्रत्येक खुंटीवर एकेक चतुर बसलेला.

"बघा बघा," काका हरखून म्हणाले, "कोणीतरी आपल्यासाठी रोवून ठेवल्यात!"

लाज वाटते सांगताना, पण अर्धं रीळ संपेपर्यंत आम्ही फोटो काढत होतो. त्या कुणी रोवल्या आणि का, हा प्रश्न आम्हाला पडायला तासभर लागला. उत्तर रस्त्याकडेच्या पाटीवर होतं. प्लॉट पाडले होते. कुंटा मातीने भरून वर घरं होणार होती. नाव, कमलसरोवर एन्क्लेव्ह.

"सरोवर बुजवून सरोवर नाव ठेवायलेत," काका म्हणाले.

मी संतापून बोलायला सुरुवात केली होती. निखिल पाण्याच्या कडेला अठरा नंबरच्या खुंटीसमोर उभा होता.

"हा माझा आहे," तो म्हणाला.

"नाही रे," काका म्हणाले, "ही आपल्यापैकी कुणाचीच काडी नव्हं."

"काडी नाही. प्लॉट. मी बुक केलाय. बाबा रिटायर झाले की दोघांना इकडे आणणार होतो. पुण्यात त्यांनी ब्रोशर टीव्हीशेजारी भिंतीला लावलंय."

"अरे पण तू जागा बघितली नव्हतीस?" मी विचारलं.

"बघितली ना. ब्रोशरमध्ये."

"आणि दर रविवारी हितं बसत होतास ते?" काका म्हणाले.

निखिल मोटरसायकल काढून निघून गेला. पाण्यावर खुंटीची सावली हलत राहिली. पुढच्या रविवारी तो येईल का, हे एकमेकांना विचारायचीही आमची हिंमत झाली नाही. तो आला. बसला. पण काडी रोवली नाही.

* * *

मी एम.आर.ओ. साहेबांकडे अर्ज केला. एम.आर.ओ. म्हणजे आपल्याकडचे तहसीलदार. अर्ज चौदा पानी. सुनावणी लागली. मी, काका आणि सलीमभाई एका बाजूला. समोर एन्क्लेव्हचे मॅनेजर, हातात जाड फाइल.

"कुंटा कागदावर कोरडा आहे साहेब," मॅनेजर म्हणाले. "पावसात डबकं साचतं, एवढंच. आत्ता मार्चमध्ये दिसतंय ते पाणी पाइप फुटल्याचं."

मी शांतपणे पिशवी उघडली. दोन वर्षांतले निवडक साठ फोटो साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी चष्मा बदलला. एकेक फोटो बघायला लागले. लाल चतुर, निळा, सोनेरी पंखांचा. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मी काकांच्या मनगटाला धरलं. जिंकलो!

"बहुत सुंदर," साहेब म्हणाले. "बहुतच सुंदर. अब कुंटे का फोटो दिखाओ, अम्मा."

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो.

कुंट्याचा फोटो नव्हता. दोन वर्षं, दर रविवार, शेकडो फोटो, आणि एकातही कुंटा नव्हता! काकांनी पिशवी उलटी केली. सलीमभाईंनी पुन्हा साठही चाळले. साहेबांनी एक फोटो वर धरला.

"ये पीछे जो हरा है, ये कुंटा है या मेरे घर का पर्दा? मैं कैसे समझूँ?"

मॅनेजर खळखळून हसले. सलीमभाई माझ्या कानाशी पुटपुटले, "इसीच पे पुलिस छोड़ी थी!"

मी घाईघाईने सांगितलं. चतुराचं पिल्लू महिनोन्‌महिने पाण्याखाली राहतं. वाढ पुरी झाली की काडीवर चढतं, कात टाकतं, आणि चतुर होऊन उडतं. पाइपच्या पाण्यात ते होणार नाही.

साहेबांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "ठीक है. सोमवार तक टाइम. एक फोटो लाओ, अम्मा. उसमें पानी दिखना, प्लॉट का नंबर दिखना, और तुम्हारा वो बच्चा निकलता हुआ दिखना. तीनों एकही फोटो में. नहीं तो ये बोलेंगे कि किसी और कुंटे का है. सोमवार को ऑर्डर निकाल दूँगा. इधर या उधर."

बाहेर पडताना मॅनेजर कुणालातरी फोनवर सांगत होते, "मट्टी के ट्रकाँ इतवार को सुबह सेच लगा दो."

* * *

त्या आठवड्यात आम्ही रोज पहाट उजाडताना कुंट्यावर होतो. नोकरीच्या वेळेआधी दोन तास. निखिल नव्हता.

सलीमभाईंनी आम्हाला सगळं उलटं शिकवलं. "पंधरा कदम पीछे हटो. और बाईस करो!" बाईस म्हणजे लेन्सचं भोक सगळ्यात बारीक. मग मागचंपुढचं सगळं दिसायला लागतं. काकांनी पहिल्यांदा तसं बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "सगळंच दिसायलंय की! प्लास्टिकच्या पिशव्या, खडी. शी!"

"आज प्लास्टिकची पिशवी बी नेमत है, वाघमारेसाब," सलीमभाई म्हणाले.

पण भोक बारीक केलं की उजेड कमी. सकाळच्या प्रकाशात पूर्ण एक सेकंद शटर उघडं ठेवावं लागे. एका सेकंदात चतुर तीनदा मान हलवतो! एक सेकंद स्थिर राहतो तो फक्त कात टाकून नुकता बाहेर आलेला, पंख ओले असलेला. तो पंख सुकेपर्यंत तसाच बसतो. म्हणजे हवा होता तोच, आणि तोही आकड्याच्या खुंटीवर.

बुधवारी एक पिल्लू वर आलं. काकांच्या बांबूवर. गुरुवारी दोन, माझ्या काडीवर. खुंट्यांवर एकही नाही. शुक्रवारी काका चिखलात उतरले आणि दोन वर्षांत रोवलेल्या सगळ्या काड्या, एकेक करून, उपटून काढल्या. आता त्या भागात पाण्याबाहेर यायला फक्त खुंट्याच उरल्या. काकांनी काड्यांची मोळी काठावर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून बसले.

शनिवारी काहीच आलं नाही.

* * *

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा निखिलची मोटरसायकल तिथे होती. तो काठावर उकिडवा बसला होता. त्याने नुसतं बोट दाखवलं.

खुंटीवर, पाण्याच्या वर वीतभर, आकड्याच्या जरा खाली, चिखलाच्या रंगाचं एक पिल्लू घट्ट धरून बसलं होतं. चाळीस-पन्नास खुंट्यांमधली कुठली? अठरा नंबरची!

मी पंधरा पावलं मोजली, तिवई उभी केली, कॅमेरा बसवला. रीळ ब्लॅक अँड व्हाइट. पोलीस नसलात तर रंगीत लॅबमधून यायला चार दिवस लागायचे, हे सलीमभाई स्वतः धुऊ शकत होते. मी बटणावर बोट ठेवणार तेवढ्यात मध्ये काकांचा पंजा आला.

"काडी कुणाची?"

"काका, आज नको!"

"कायदा तो कायदा, पोरी. अठरा नंबर ह्याचा हाय."

"प्लॉट त्याचा आहे. काडी त्याने रोवली नाही!"

"मग कुणाच्या नावानं रोवलीय?"

 सलीमभाई आभाळाकडे बघायला लागले. खरं सांगते, माझा निखिलवर विश्वास नव्हता. एक फोकस चुकला, तिवईला एक धक्का लागला, तर कोण काय म्हणणार होतं? त्याच्या आईबाबांचं घर वाचलं असतं. देश, पाणी, जबाबदारी असं दोन वर्षं बोलत होते मी, आणि आता लेन्स दोन्ही हातांनी धरून उभी होते. सोडवत नव्हती.

निखिलने पेजर कमरेचा काढला आणि काकांना दिला. काकांनी तो जेवणाच्या डब्यात, पोळ्यांखाली घातला. मग निखिलने माझ्यासमोर हात केला.

मी बाजूला झाले.

पिल्लाची पाठ उलली. आधी डोकं आलं, मग पाय. ते मागे कलंडून अर्धं लोंबकळलं आणि तसंच थांबलं. पाच मिनिटं. दहा. मग एका झटक्यात उठून त्याने स्वतःचीच कात पकडली आणि शेपूट ओढून काढली. पंख चुरगळलेल्या कागदासारखे. हळूहळू उलगडले, सुकायला लागले.

तेव्हाच ट्रक ऐकू आला.

पहिल्या ट्रकने पलीकडच्या काठावर माती ओतली. जमीन हादरली. पाण्यावर वर्तुळं उठली आणि खुंटी थरथरली. चतुर हेलकावला. पडला असता तर संपलं, ओले पंख पाण्याला चिकटतात.

"काढ!" मी कुजबुजले.

"खुंटी हलतेय. थांब."

"निखिल, काढ!"

"थांब म्हणतोय ना."

वर्तुळं विरली. खट्. एक सेकंद. खट्. दुसरा ट्रक उलटा मागे येत होता, थेट खुंटीच्या मागे.

"अरे, ट्रक आला फ्रेममध्ये!" मी सवयीने ओरडले. "घाण झाली!"

"असू दे. बाईस आहे."

एन्क्लेव्हच्या राखणदाराने आम्हाला पाहिलं. काठी उगारून तो काठाकाठाने पळत यायला लागला. खट्. दुसऱ्या ट्रकचा मागचा फाळका उघडला. सलीमभाईंना अचानक काहीतरी आठवलं. "बेटा! रील फिर रही ना?"

निखिलने डोळा न काढता डाव्या हाताने ते बटण चाचपलं. 

"फिरतंय."

खट्. माती कोसळली, राखणदाराने तिवईला हात घातला, आणि चतुर उडाला. खुंटीवर नुसती कात राहिली.

दुपारी हिमायतनगरच्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली आम्ही चौघं एका ट्रेवर वाकलो होतो. रसायनात कोरा कागद. आधी काळा होत होत अठरा आकडा वर आला. मग खुंटी, तिच्या बुडाशी पाणी, मागे ट्रक आणि त्यातून सांडणारी माती. सगळ्यात शेवटी नखाएवढा चतुर आणि त्याच्या पायांखाली त्याची रिकामी कात.

निखिलने चिमट्याने फोटो उचलून दिव्याजवळ धरला.

"ब्रोशरपेक्षा चांगला आलाय," तो म्हणाला.

सोमवारी साहेबांनी तो फोटो हातात घेतला आणि दोन्ही चष्म्यांतून पाहिला. मॅनेजर उभेच होते.

"ये अठारा नंबर तुम्हारेच लेआउट का है?"

"हमाराच है साब," मॅनेजर म्हणाले. "पर वो तो बिक गया. पार्टी के नाम पे कागज हो गए, कब्जा भी दे दिया. अब उसमें कोई क्या बोल सकता?"

"पार्टी कौन?"

मागच्या बाकावरून निखिल उठला. "मैं, सर."

"और ये फोटो किसने निकाला?"

"मैंच, सर."

साहेबांनी फोटोकडे पाहिलं. निखिलकडे पाहिलं. मॅनेजरकडे पाहिलं. मग पेनचं टोपण काढून फाइल पुढे ओढली, आणि त्या नखाएवढ्या चतुरावर बोट ठेवून निखिलला म्हणाले,

"कागज तुम्हारे नाम पे होंगे, बाबू. कब्जा तो इनकाच दिख रा!"